न निघालेलं बूच

मी रागीट माणूस नाही. एप्रिलच्या त्या तीन दिवसांत ज्यांनी मला पाहिलं ते वेगळं सांगतील, पण ते सांगणारे खुशालराव आणि नत्थुजी आहेत, आणि त्या दोघांच्या साक्षीवर मी मांजरालाही दूध पिण्याबद्दल दोषी धरणार नाही. एकतीस वर्षं मी अकोला जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवलं. बाळापुरात शिकवलं, बार्शीटाकळीत शिकवलं, आणि कुठल्याही पोराच्या अंगाला हात लावला नाही. खडू फेकले, पण खडू लागत नाही. असा हा सूर्यभान गुरुजी, वय त्रेसष्ट, एका ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून अंगठ्याएवढ्या लोखंडी बुचाला तोंडाला येईल ते बोलत होता, आणि कॉलनीतली अर्धी माणसं उकिडवी बसून ते ऐकत होती.

ट्रक माझ्या मुलीचा, रागिणीचा. मुलगी अर्थशास्त्रात एम. ए. झाली, तेव्हा मी बी. एड.चा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता. तिने त्यावर चहाचा कप ठेवला आणि सहा महिन्यांनी दारात हा जुना ट्रक आणून उभा केला. "बाबा, मले फळ्यासमोर उभं राह्यता येत नाई. मले गाडी चालोता येते," एवढंच तिचं म्हणणं. वर्षभर मी त्या ट्रककडे पाहिलं नाही. फाटकातून जाताना मान वळवून जात असे, त्यामुळे मानेलाही त्रास झाला. पण मुलगी हटली नाही. आणि यंदा अंजनगाव सुर्जीच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने तिला हंगामभर माल द्यायचं कबूल केलं. अट एकच: शनिवारी सकाळी गाडी आरटीओच्या पासिंगच्या ताज्या कागदासह दारात पाहिजे. नाहीतर दुसरी गाडी तयारच होती, आणि ती चालवणारा पुरुष होता, हे व्यापाऱ्याने दोनदा सांगितलं. पासिंगची वेळ मिळाली शुक्रवारची.

अडचण अशी की गाडी तापत होती. बाळापूरहून येताना दोनदा वाफ निघाली. आणि नेमकं बुधवारी रागिणी आणि तिची आई आशाबाई अमरावतीला गेल्या, आशाबाईंच्या बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. निघताना मुलगी दारात घुटमळली.

"बाबा, रेडिएटरचं पाणी बदलून ठेवता काय? जुनं पाणी सगळं काढाचं, दोन-तीनदा गोड्या पाण्यानं धुवाचं, आन हे हिरवं कूलंट भराचं. जमीन काय तुमाले?"

जमेल काय! विज्ञानाच्या शिक्षकाला विचारते, पाणी बदलायला जमेल काय! पण खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. वर्षभरात तिने ट्रकबद्दल मला काही मागितलं नव्हतं, आणि ज्या माणसाने ट्रकची साधी विचारपूस केली नाही, त्याच्याकडे ती मागणार तरी कशी? हे एक काम नीट करून दाखवायचं, असं मी ठरवलं. "जा तू," म्हटलं, "गाडी तुले चकचकीत भेटीन."

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक स्वच्छ माणूस स्वच्छ गाडीखाली जातो, रेडिएटरच्या बुडाशी असलेलं बूच दोन बोटांनी फिरवतो, आणि पाणी आज्ञाधारकपणे बादलीत पडतं. त्या माणसाचा मला अजून राग येतो. मी सतरंजी अंथरून खाली शिरलो, बुचाला पाना लावला आणि फिरवला. पाना फिरला, बूच नाही. पुन्हा लावला, जोर केला. या वेळी बुचाचे कोपरे झिजून गोल झाले आणि माझ्या बोटांची सालं निघाली. तासाभराने परिस्थिती अशी होती की बूच पूर्वीपेक्षा घट्ट आणि मी पूर्वीपेक्षा सैल झालो होतो.

तेवढ्यात खुशालराव आले. शेजारचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे पाणी या विषयावर आपला शब्द शेवटचा, असं त्यांना वाटतं. नोकरीभर त्यांनी आवक-जावक लिहिली, ही गोष्ट वेगळी.

आता आमच्या पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या भागात जमिनीतलं पाणी खारं. बोअरच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या होतात, तोट्या गळण्याऐवजी बुजतात, आणि दर मार्चमध्ये घरोघरी कूलर उघडून त्याच्या आतला खाराचा थर लिंबूफूल घालून काढावा लागतो. लिंबूफूल म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते आंबट पांढरं चूर्ण. हे काम इकडे ज्याला येत नाही त्याला मुलगी देत नाहीत. खुशालरावांनी तर या विषयात डॉक्टरेट केल्यासारखं आहे.

"गुरुजी," ते खाली वाकून म्हणाले, "हे काय करते, गाडीले थंडच ठेवते ना?"

"हो."

"मंग कूलरच झाला तो! लिंबूफूल टाका एक किलो, अर्धा घंटा चालू ठेवा. खार सुटला का बूच आपोआप निंघीन."

मी विज्ञानाचा शिक्षक. आम्ल आणि क्षार यांची अभिक्रिया मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिली. मला ते पटलं, हीच माझी चूक. एक किलो लिंबूफूल वरच्या तोंडातून ओतलं, इंजिन सुरू केलं आणि आत डोकावलो. आम्लाची क्षारावर अभिक्रिया झाली, पुस्तकात लिहिली तशीच झाली, फक्त पुस्तकात ती परीक्षानळीत होते. रेडिएटरच्या तोंडातून पिवळा फेस उसळला आणि माझ्या पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर आला. भीमजयंतीसाठी शिवलेला सदरा, आदल्याच दिवशी मिरवणुकीत घातलेला. फेस पिवळा का, हे मला तेव्हा कळलं नाही. खुशालराव चार पावलं मागे सरकून म्हणाले, "कावीळ झाली हो गाडीले." बूच जिथल्या तिथे होतं.

गुरुवारी सकाळी दुसरं संकट मोबाइलमधून आलं. शुक्रवारची पासिंगची वेळ पोर्टलवर पक्की करायची होती. सगळे रकाने भरले, ट्रकचा चॅसी नंबर सुद्धा बिनचूक भरला, आणि पोर्टल म्हणालं, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. माझ्या मोबाइलवर काही आलं नाही. रागिणीला फोन केला, तिच्याही मोबाइलवर आलं नाही. मग लक्षात आलं, नोंदणीकृत नंबर अजून जुन्या मालकाचाच होता. तो बदलायचा पर्याय पोर्टलवर होता. तो दाबला. पोर्टल म्हणालं, नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. ज्याने हे बनवलं त्याला मी वर्गात बाकावर उभा केला असता.

जुना मालक देवमन, बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्याचा. त्याच्या शेतात रेंज येत नाही, फक्त बांधावरच्या टेकाडावर येते. ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो. घरून निरोप गेला की देवमनला टेकाड चढायला बारा मिनिटं लागतात. दोन ओटीपी असे वाया गेले. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हणालो, "देवमनभाऊ, आता तिथंच थांब, खाली उतरू नको."

"जयभीम गुरुजी, थांबलो ना म्या. ऊन लय हाय, पण थांबलो. घ्या लिहून." आकडे सांगितले, वेळ पक्की झाली. मग तो मोठ्या आपुलकीने म्हणाला, "बाकी गाडी कशी हाय? बरी चालून राहिली?"

"तापते. पाणी काढून राहिलो. बूच निंघत नाई."

पलीकडे देवमन खोकला.

"त्या बुचाले हात नका लावू गुरुजी. थे थोडं गळत होतं, तं म्या तीन वर्सांआगुदर त्याले कायमचं बंद केलं."

"कायमचं म्हंजे?"

"दोन गोळ्या येतात ना, एकमेकीत मळून लावाच्या? लावल्या की दगड होते. थे आतून लावलं, बाहेरून लावलं. आन वरून पावभर हळद टाकली रेडिएटरात. बारीक फटी बुजते हळदीनं. सगळेच टाकतात."

म्हणजे फेस पिवळा का, हे समजलं. मी विचारलं, "आन पाणी कोणतं टाकत होता?"

"बोअरचं. खारं. आता गुरुजी, गोडं पाणी मानसाले पुरत नाई, ट्रकले कुठून देऊ?"

आमच्याही कॉलनीत नळ आठ दिवसांनी येतो. रेडिएटर धुवायला मी आशाबाईंनी भरून ठेवलेले गोड्या पाण्याचे दोन ड्रम हेरून ठेवले होते, आणि ते मी त्यांना विचारलं नव्हतं. पण देवमनवर ओरडायला मिळेल ही आशा होती, तीही त्याने घालवली. मी फोन ठेवला आणि राग तसाच आत राहिला.

तो नत्थुजींवर निघायचा होता. नत्थुजी एसटीतून निवृत्त झाले. "हजार गाड्या हाताखालून गेल्या माह्या," असं ते सांगतात, आणि ते खरं आहे, कारण ते डेपोच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहून घेत असत. त्यांनी बुचाला नमस्कार घालावा तसं वाकून पाहिलं आणि छन्नी-हातोडी मागितली. तीन घाव घातले. पहिला बुचावर बसला, दुसरा शेजारच्या पत्र्यावर आणि तिसरा माझ्या अंगठ्यावर.

मी म्हटलं, आता अडाणीपणा पुरे. आता विज्ञान. धातू तापला की प्रसरण पावतो आणि जोड सैल होतो. तापवायला काय? घरात जयंतीच्या उरलेल्या मोठ्या मेणबत्त्या होत्या. सहा मेणबत्त्या बुचाखाली ओळीने लावल्या आणि मांडी घालून समोर बसलो. दुपारची वेळ, चव्वेचाळीस अंश, आणि मी ट्रकसमोर मेणबत्त्या लावून डोळे किलकिले करून बसलेलो. येणारे-जाणारे थांबू लागले. समोरच्या दुर्गाबाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले. वर म्हणाल्या, "गाडीले शांत करून राहिले काय गुरुजी?"

मी! ज्याने लिंबू-मिरचीविरुद्ध सात गावांत भाषणं केली, त्या मला हे ऐकावं लागलं. "हे विज्ञान आहे!" मी ओरडलो. आणि तेव्हा नत्थुजी शांतपणे जे बोलले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"गुरुजी, आत पाणी हाय ना. पाणी असल्यावर बूच तापीन कसं? तुमी शायेत कागदाच्या द्रोणात पाणी उकळून दाखवत होते, द्रोण जळत नोता. माह्या पोरीनं घरी येऊन सांगतलं होतं. तुमच्याच वर्गात होती ना थे."

बरोबर होतं. अक्षरशः बरोबर होतं. इयत्ता सातवीचा प्रयोग. तो मी शेकडो पोरांना शिकवला, नत्थुजींच्या पोरीला शिकवला, तिच्याकडून तो नत्थुजींपर्यंत पोचला आणि फक्त माझ्याकडे राहिला नाही. लाजेने माझे कान तापले. माझ्या अंगात जो काही राग होता, देवमनचा, पोर्टलचा, त्या व्हिडिओतल्या स्वच्छ माणसाचा, तो सगळा मी एकदम बाहेर काढला.

"निंघा इथून! दोघंही निंघा! एकानं गाडीचा कूलर केला, दुसऱ्यानं अंगठा फोडला! कोणी बोलावलं होतं तुमाले? माह्या घरचं काम हाय, मी पाह्यतो!"

खुशालराव घरात गेले आणि दार लावलं. नत्थुजी उभे राहिले. पायजम्याची धूळ झटकली.

"आमी तुमच्यासाठी नोतो आलो गुरुजी," ते म्हणाले. "रागिणीसाठी आलो होतो. माह्या पोराचा संसार या ट्रकनं पुण्याले तिनं पोचवला, दोन रात्री झोपली नाई. तुमी तं तवा गाडीकडं पाह्यतही नोते." आणि गेले.

आता सांगतो, हे ऐकून माणसाने शांत व्हायला पाहिजे. मी झालो नाही. खरं बोलणं ऐकलं की मला जास्त राग येतो. मी पान्याच्या दांड्यात चार फुटी नळाचा पाईप अडकवला. तरफ. दांडा जितका लांब तितकं बळ जास्त, आठवीचा धडा. पाय ट्रकच्या चाकाला लावले आणि सगळं वजन पाईपावर टाकलं. कट् असा आवाज झाला. मी मागे पडलो, हातात पाना, पान्यात बूच. हर्षाने ओरडणार होतो, पण पाणी काही पडेना. नीट पाहिलं. तरफेचा नियम खरा ठरला होता. बूच निघालं नव्हतं, बुचाचं डोकं निघालं होतं. उरलेलं बूच रेडिएटरमध्ये गुळगुळीत होऊन बसलं होतं, आणि आता त्याला पकडायला जगात कुठलाही पाना नव्हता.

मी तिथेच सतरंजीवर बसून राहिलो. नवा रेडिएटर आणायचा तर चार दिवस. पासिंग उद्या, केळी परवा. मुलीने वर्षभरात एक काम सांगितलं आणि मी त्याचं डोकं मोडून हातात घेऊन बसलो होतो. तिला फोन करायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला ती बसने आली. आई मागे राहिली होती. मी रात्रभर बोलायचं ठरवून ठेवलं होतं, त्यात देवमनचा दोष तपशीलवार होता. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, मोडलेलं बूच पाहिलं, माझा अंगठा पाहिला, सदऱ्यावरचा डाग पाहिला. सीटखालून एक स्क्रूड्रायव्हर काढला, खाली सरकली. बुचाच्या वीतभर वर एक जाड रबरी पाईप रेडिएटरला जोडलेला होता. त्याच्या पट्ट्याचा स्क्रू तिने चार वेढे सैल केला, पाईप हाताने पिळला आणि ओढला.

भळ्ळकन पाणी पडलं. पिवळं, गढूळ, खाराचे खडे घेऊन. दोन मिनिटांत रेडिएटर रिकामा.

मी पाहतच राहिलो. "हा पाईप..." मी म्हणालो. "हा काढला की पाणी पडते?"

"हो. सगळेच असंच काढतात. बूच कोणी काढत नाई बाबा, थे कोणाचंच निंघत नाई."

"मंग तू मले बूच काढ म्हणून काहून सांगतलं?" मी कडाडलो. मला कुठेतरी हा राग ठेवायला जागा हवी होती.

ती ट्रकखालून माझ्याकडे बघत म्हणाली, "म्या बूच काढा म्हणून नोतं सांगतलं. पाणी बदला म्हणून सांगतलं होतं."

यावर मी न ओरडता झाडू घेऊन खाराचे खडे गोळा केले. तीन दिवसांत पहिल्यांदा. खुशालराव मधल्या वेळात कुंपणापाशी येऊन उभे होते, माझ्याशी बोलत नव्हते, पण रागिणीला गोड्या पाण्याच्या बादल्या त्यांच्या टाकीतून भरून देत होते. तीनदा धुतलं, चौथ्यांदा पाणी नितळ पडलं, मग हिरवं कूलंट भरलं. पाईपचा पट्टा मात्र जुना, थेंब थेंब गळत होता. नवा पट्टा आणायला वेळ नव्हता. पासिंगची वेळ साडेबाराची होती.

पासिंगच्या मैदानावर गाड्यांची रांग. इंजिन चालू ठेवायचं, ऊन डोक्यावर, आणि खाली थेंब. कुणीतरी दर पाच मिनिटांनी उतरून पट्टा आवळायला हवा होता आणि वरून पाणी घालायला हवं होतं. मी कॅन आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या ट्रकमध्ये चढलो होतो आणि चढताना गुडघाही आपटला होता. फाटकावर शिपायाने हात केला.

"आत फक्त ड्रायव्हर आन क्लीनर. बाकीचे बाहेर, तिकडं झाडाखाली. ओ काका, तुमी कोण?"

"बाबा, उतरा तुमी, सावलीत बसा," रागिणी हळूच म्हणाली. "मी पाह्यते."

तिला एकटीला जमलं नसतं. दोन्ही कामं एकाच वेळी कुणालाच जमली नसती. माझ्या डोक्यात झर्रकन आलं: आदर्श शिक्षक पुरस्कार, तालुका पातळी, दोन वेळा. मुख्याध्यापक, चार वर्षं. मग मी शिपायाकडे बघून, जितक्या रागाने बोलता येईल तितक्या रागाने म्हणालो, "क्लीनर."

रागिणीने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिलो.

साहेब आले, तरुण होते. हॉर्न वाजवायला लावला, वायपर बघितले, तापमानाचा काटा बघितला. काटा मधोमध होता, मी चार वेळा उतरून त्याला तिथे ठेवला होता. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हात हलवला. "ए क्लीनर, चाकाखाली दगड लाव."

रागिणीचं तोंड उघडलं. मी डोळे वटारले, वर्गात वटारायचो तसे, आणि तिने ते मिटलं. मी उतरलो, चांगला वजनदार दगड बघितला आणि मागच्या चाकाखाली लावला. साहेब रेडिएटरखाली वाकले आणि थबकले.

"हे बूच असं मोडलं कोणी?"

"क्लीनरनं," रागिणी म्हणाली.

"एवढा म्हातारा माणूस कशाला ठेवला मॅडम?"

"नवीन हाय साहेब," तिचा आवाज वरून आला. "शिकून राहिले."

साहेबांनी कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. मला राग यायला पाहिजे होता. आलाही, घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला, त्यामुळे डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण मागे गाड्या हॉर्न देत होत्या, आणि दगड काढल्याशिवाय आमची गाडी निघणार नव्हती. म्हणून मी आधी खाली बसून दगड काढला.